मदत हवी आहे: फायबरमधून वाय-फायचा सिग्नल पाठवतोय, नेटवर्क दिसतं पण मोबाईल जोडला जात नाही

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईकडचा, ईअँडटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमची वाडी बालाघाटच्या घळीत आहे, तिथं मोबाईलला रेंज नाही. पोरांना साधा फॉर्म भरायचा तरी माळावर चढावं लागतं. माझी बहीण परवा हॉल तिकिटासाठी भर उन्हात दोनदा वर जाऊन आली. काकांचा केबलचा धंदा आहे आणि त्यांच्या फायबर लाइनमधले दोन कोर (काचेच्या तारा) वाडीपर्यंत मोकळे आहेत. अंतर ४ किमी.

राउटर काकांच्या खोलीतच ठेवायचा, त्याच्या अँटेनाच्या टोकातला २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल जसाच्या तसा लेझरच्या उजेडावर चढवायचा, वाडीत फोटोडायोडनं (उजेडाचा परत विजेचा सिग्नल करणारा भाग) उतरवून अँप्लिफायरमधून अँटेनाला द्यायचा, असं डोक्यात आहे. केबल टीव्ही असाच चालत आलाय. काकांचा नोड (उजेडावरून टीव्हीचा सिग्नल उतरवणारा डबा) मात्र ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास संपतो, म्हणून ३ गिगाहर्ट्झपर्यंतची मॉड्यूल घेतली. जायला एक कोर, यायला दुसरा.

आधी घरीच प्रत्येकी ४ किमी फायबरचे दोन ड्रम लावून बघतोय. ५ मीटरच्या पॅच कॉर्डवर व्हिडिओसुद्धा अडखळत नाही. ड्रम जोडले की मोबाईलवर नेटवर्कचं नाव येतं, रेंजच्या कांड्या भरलेल्या, पासवर्ड टाकला की 'कनेक्ट होत आहे' फिरत राहतं.

पॉवर मीटरवर घट २.२ डीबी आहे. उजेडातली १ डीबी रेडिओ सिग्नलला २ डीबीला पडते, तेवढी ४.४ डीबी अँप्लिफायर भरून काढतो. लेझर १३१० नॅनोमीटरचा, त्यामुळे डिस्पर्शनचा (लांब फायबरमध्ये सिग्नल पसरण्याचा) प्रश्न नाही. कनेक्टर सगळे हिरवे, पुसून लावलेत.

मला संशय वेळेचा आहे. फायबरमध्ये दर किमीला साधारण ५ मायक्रोसेकंद, म्हणजे जायला २० आणि यायला २०. वाय-फायमध्ये पॅकेट पोचल्यावर १० मायक्रोसेकंदांत पोच निघते, आणि पाठवणारा तिची थोडाच वेळ वाट बघून पुन्हा पाठवतो. नेटवर्कचं नाव सांगणाऱ्या बीकनला पोच लागत नाही, म्हणून तेवढंच दिसत असावं. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची खुली प्रणाली) आहे. त्यात अंतर टाकलं की राउटर पोचेची जास्त वाट बघतो, म्हणून ६००० मीटर टाकलं (ते हवेतलं धरतात, फायबरमध्ये उजेड दीडपट हळू). फरक पडला नाही.

मोबाईलच्या बाजूनं पोचेची वाट बघायची ही मुदत वाढवता येते का? की वाडीत दोन्हीकडे अंतर टाकता येईल असा सीपीईच (ग्राहकाच्या टोकाला बसवायचं वाय-फाय यंत्र) बसवावा लागेल?

भर: 'वाडीतच राउटर ठेव' असं दोघांनी सुचवलंय. ठेवला होता. अवकाळीत वीज पडून दोनदा जळाला. म्हणून खांबावर कमीत कमी सामान ठेवायची धडपड आहे. एलटीईमध्ये (४जी) टायमिंग अॅडव्हान्स (अंतरानुसार मोबाईलला आधी पाठवायला सांगण्याची सोय) असल्यानं एवढा उशीर चालतो हे माहीत आहे, पण ती फ्रिक्वेन्सी परवान्याशिवाय वापरता येत नाही.

कोणी एवढ्या लांबीवर वाय-फाय चालवलं असेल तर कोणता राउटर, काय सेटिंग, एवढं सांगा. महिनाअखेर खांबावर चढवायचंय.