मदत हवी आहे: मॉरिशसच्या आजोबांचं गाव दाभोळ की दाभोळे?

नमस्कार मंडळी,

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या दाभोळ्याचे. आजोबांच्या आजोबांचा धाकटा भाऊ मोरसला (म्हणजे मॉरिशसला) उसाच्या कामावर गेला तो परत आलाच नाही, एवढंच घरात ऐकत आलोय.

यंदा गणपतीत मॉरिशसला होतो. तिथल्या वाक्वा गावी एका मराठी घरी दर्शनाला गेलो. गावाचं नाव सांगताच तिथल्या आजोबांनी कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतून मिळवलेला, त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा. मुंबईहून आगमन १८५४, वय २२, जात मराठा, जिल्हा रत्नागिरी. माणसाचं आणि त्याच्या बापाचं नाव, दोन्ही आमच्या वंशावळीत आहेत! माझे तर हातच थरथरायला लागले. (नावं त्यांच्या परवानगीशिवाय इथे देत नाही.)

घोडं अडलंय ते गावाच्या रकान्यात. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय, 'दाबूल' असं काहीतरी. ते दापोलीकडचं दाभोळ बंदरही असू शकतं. आणि माणसाचं व त्याच्या बापाचं, ती दोन्ही नावं तेव्हा कोकणात घरोघरी असायची. त्यांच्या घरी वाघजाईला नारळ देतात, आमच्याकडेही देतात. पण वाघजाई गावोगावी आहे, त्यावर भिस्त कशी ठेवायची?

कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी इतक्या मागे जात नाहीत. गाव खोतीचं होतं. तेव्हा त्या काळातली खोताची मोडी दप्तरं, बोटखतं (खोती गावातल्या जमिनींच्या नोंदी) कुणी पाहिली आहेत का? ती घराण्यांकडेच राहिली की कुठे जमा झाली? मुंबईच्या पुराभिलेखागारात परदेशी गेलेल्या मजुरांचे कागद कुणी चाळले असतील तर कोणत्या खात्याचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागायचे तेही सांगा. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडच्या वह्यांत कोकणातल्या कुळांच्या इतक्या जुन्या नोंदी सापडतात का?

डीएनएचंही विचारायचंय. दोन्हीकडे वंश मुलांकडूनच आलाय, म्हणून वाय क्रोमोसोमची चाचणी सुचते. पण ती जुळली तरी सगळी भावकीच जुळेल, सख्ख्या भावाचा वंश ठरणार नाही, असं मला वाटतं. बरोबर ना? साध्या चाचणीत इतक्या लांबचं नातं दिसतं का?

आजोबांचं वय झालंय. येत्या शिमग्याला यायचं म्हणतात, पालखी खांद्यावर घ्यायची आहे त्यांना. नातं जुळो न जुळो, आमचं घर त्यांना उघडंच आहे. पण त्यांना त्यांच्याच ग्रामदेवतेसमोर उभं करायचंय, म्हणून ही धडपड. दाभोळ किंवा दाभोळ्यातलं कुणी इथे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मोडी वाचणारे कुणी मदत करणार असतील तर आमच्या वंशावळीचे फोटो लगेच पाठवतो.