मदत हवी आहे: उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर (गंज रोखणारा पहिला हात) की आधी लांबी (खड्डे भरायची पुटी)?

नमस्कार मंडळी,

वडिलांची १९९७ ची पांढरी मारुती ८०० देवगडला असते. घर समुद्राला लागूनच, त्यामुळे गंज हा आमच्या घरचाच माणूस. दोन वर्षांपूर्वी ड्रायव्हरच्या बाजूचं दार खालून सडायला लागलं म्हणून एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. पहिला पावसाळा बरा गेला, दुसऱ्यात रंगाला फोड आले. परवा स्क्रूड्रायव्हरने एक फोड टोकरला तर लांबीची तळहाताएवढी खपलीच हातात आली. जाडी मोजली, ७ मिलिमीटर! वरून गुळगुळीत पांढरा रंग आणि मागे ओला तपकिरी गंज, त्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचा जेमतेम पापुद्रा.

आता पैसे दुसऱ्यांदा घालवायचे नाहीत, म्हणून स्वतःच करतोय. कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन मित्राची. शनिवारी ग्राइंडरने सगळं काढून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला आणि दमून तसाच ठेवला. रविवारी सकाळी बघतो तर जिथे जिथे हात लागला होता तिथे बोटांचे तांबूस ठसे! पोलिसांना लागतात तसे, रेघा मोजून घ्या.

तर अडचण अशी. इथले डेंटर म्हणतात, लांबी थेट पत्र्यावरच धरते, प्रायमर नंतर मारा. भोसरीला पेंटशॉपमध्ये असलेला चुलतभाऊ म्हणतो, आधी इपॉक्सी मारल्याशिवाय लांबीचा डबा उघडू नकोस. दुकानदाराने तिसरंच काढलं: वॉश प्रायमर घ्या, त्यात ॲसिड असतं, पत्र्याला चावून बसतं, वर लांबी लावा. तिघांपैकी कोणाचं ऐकू? शिवाय दाराच्या खालच्या कडेला गंज काढायचं फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण लावून बसलोय. ते चालेल ना?

प्रतिसाद १

दुकानदाराचं सोडून बाकी दोघांचं खरं आहे.

वॉश प्रायमरवर लांबी नको. आपली लांबी म्हणजे पॉलिएस्टर, ती हार्डनरने (घट्ट करणाऱ्या रसायनाने) आवळते. खाली ॲसिड असलं की ती नीट आवळत नाही आणि पकडही सोडते. त्याच कारणाने तुमचं फॉस्फोरिकचं द्रावणही जायला हवं. वाळून पांढुरकी भुकटी राहिली असेल, त्यावर इपॉक्सी मारलं तर ते पत्र्यावर नाही, भुकटीवर बसेल. पाण्याने धुवा, लगेच पुसून कोरडं करा, परत ८० चा हात फिरवा.

डेंटर चुकीचं सांगत नाहीत. ८० ने खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर लांबी छान धरते, वर्षानुवर्षं काम तसंच चालतं. पण त्यांच्याकडे सकाळी उघडा केलेला पत्रा संध्याकाळी प्रायमरखाली गेलेला असतो. तुम्ही शनिवार-रविवार काम करणार, तेही देवगडात. लांबी स्पंजासारखी पाणी पिते आणि ते पत्र्यापर्यंत पोचवते. म्हणून तुमच्यासाठी भाऊच बरोबर: ठसे घासून काढा, ग्रीस रिमूव्हरने पुसा, नंतर उघड्या हाताने शिवू नका आणि त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन हात मारा. हार्डनर मिसळल्यावर किती वेळ थांबायचं ते डब्यावर असतं, तेवढं थांबाच. संध्याकाळी दव पडायच्या आत गन खाली ठेवा.

लांबी लावायला पुढचा शनिवार उजाडला तर इपॉक्सी १८० च्या पेपरने खरवडून घ्या. लांबी २-३ मिलिमीटरच्या वर नको. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिलाय असं समजा. घासताना पुन्हा पत्रा उघडा पडला तर तिथे परत इपॉक्सी, मग टू-के सरफेसर (हार्डनर मिसळून मारायचा, रंगाआधी घासून गुळगुळीत करायचा थर). आणि लांबीला पाण्याने घासू नका, कोरडीच. पाणी-पेपर सरफेसरवर.

रेड ऑक्साइड घराच्या ग्रिलला ठेवा. त्यावर टू-केचा थिनर पडला की सुरकुत्या येतात.

प्रतिसाद २

वरच्याला +१. गाडी पांढरी आहे म्हणून एक भर: लवकर वाळावी म्हणून लांबीत हार्डनर जास्त पिळू नका. १०० ग्रॅमला साधारण २ ग्रॅम पुरे. जास्त झाला की महिन्याभराने पांढऱ्यातून गुलाबी डाग वर येतात. माझ्या ओम्नीला आले होते, बायको म्हणाली कुंकू सांडलंय का.

टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते श्वासातून जाणं घातक. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, काडतूसवाला मास्क घ्या आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

आता मूळ प्रश्न: दार आतून सडलंय का? खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती मोकळी आहेत का बघा. पत्र्याला आरपार भोक पडलं असेल तर लांबीने बुजवू नका, मागून पाणी लागतच राहील. तेवढा तुकडा कापून वेल्डिंग करा.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. ॲसिड धुऊन, घासून झालं. इपॉक्सी आणलंय, शनिवारी सकाळी दहाला सुरुवात.

भोकं आत्ताच तार घालून बघितली. एकातून चमचाभर माती आणि पेरूचं सुकलेलं पान निघालं. दुसऱ्यात तार शिरेना म्हणून खरवडलं, तर आत लांबी! गॅरेजवाल्याने गंजाचं भोक समजून बुजवलं असणार. म्हणजे दोन पावसाळे दारात पाणी साठून होतं. त्याच्या शेजारी पत्रा बोटाने दाबला तर बोट आत गेलं, रुपयाएवढं भोक. वेल्डरला शुक्रवारी बोलावलंय. वेल्डिंगच्या सांध्यावर आतल्या बाजूने काय मारायचं, तेवढं कोणीतरी सांगा. तिथे माझी गन पोचत नाही.