मदिनेची मस्जिद-ए-नबवी: जे जाऊन आलेत त्यांनी लिहा (अनुभव धागा)

खाडीकाठ
काल शेजारच्या चाची उमऱ्याला (हजव्यतिरिक्तची मक्का यात्रा) निघाल्या. विमान पहाटेचं, तरी रात्री अकरापर्यंत दारात माणसं. आधी बोललं-चाललं माफ करा, मग गळाभेट, आणि निघताना हात धरून प्रत्येकाचं एकच, "मदिनेत माझा सलाम पोचवा." सून वही घेऊन नावं लिहीत बसली होती. ते बघून मला माझी वही आठवली आणि झोपच लागली नाही.

माझ्या वहीत निम्मी नावं अशा लोकांची होती ज्यांचं स्वतःचं जाणं कधी होणार नव्हतं. मासळीवाली बिबी, मदरशातले म्हातारे उस्ताद, अब्बांचे दुकानातले जोडीदार. रियाजुल जन्नतमध्ये आत सोडलं तेव्हा हातात वही होती. ही जागा म्हणजे हुजूरांचं, म्हणजे पैगंबरांचं घर आणि मिंबर (प्रवचनाचं आसन) यांच्यामधली, जिला त्यांनी जन्नतच्या बागांपैकी एक बाग म्हटलं. केवढीशी जागा! साधारण २२ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बायकांची वेळ वेगळी असते. दोन रकात पढले, दुआ मागितली, वही उघडली तोवर "यल्ला हज्जा, यल्ला" (चला बाई, चला) सुरू झालं. पहिलं पानसुद्धा झालं नव्हतं. सोनेरी जाळीच्या (तिच्या आड हुजूरांची कबर आहे) समोरून सलाम करत पुरुषांना जाता येतं, आम्हाला नाही. मग बाहेर येऊन किबल्याच्या (नमाजला तोंड करायची दिशा) बाजूच्या अंगणात बसले. तिथून कबरीवरचा हिरवा घुमट अगदी समोर दिसतो. एकेक नाव घेऊन सलाम सांगितला, सगळी वही संपवली, मगच उठले. मक्केत काबा पाहिला तेव्हा थरथरले होते. मदिनेत मात्र आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

तुम्ही पण लिहा ना. कसंही लिहा.

मोगरा
भात लावून वाचत होते, डोळे भरून आले. आमच्या अम्मीने तर घरून दुआ पाठ करून नेल्या होत्या. घुमट दिसला आणि एक शब्द फुटेना. नुसती बघत बसली. मी म्हटलं अम्मी काहीतरी माग, तर म्हणाली, "आता काय मागू, आले ना." बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

वाळूसिमेंट
मी साइटवरचा माणूस, त्यामुळे माझी नजर वर. अंगणातल्या छत्र्या! एकूण २५०, एकेक उघडली की साधारण साडेपंचवीस मीटर लांब आणि तेवढीच रुंद. सकाळी उघडतात, संध्याकाळी मिटतात. फजरनंतर मुद्दाम थांबलो होतो. एकाच वेळी सगळीकडे हळूहळू कापड पसरत जातं आणि हजारो माणसं मान वर करून गप्प. पाऊस आला तर पाणी खांबाच्या आतूनच खाली जातं. फरशी पांढऱ्या ग्रीक संगमरवराची, भर दुपारी अनवाणी चाललो तरी पाय भाजला नाही. आणि एसीचं यंत्रघर मस्जिदीजवळ नाहीच. ते ७ किलोमीटर लांब, थंड पाणी भुयारातून येतं. म्हणून आत कुठे घरघर ऐकू येत नाही. लोकांनी इबादतीत व्यत्यय नको म्हणून एवढं केलंय, हे कळल्यावर मला आमच्या धंद्याचा फार अभिमान वाटला.

दर्यावर्दी
दादा, म्हणजे माझे आजोबा, "अकबर" जहाजाने गेले होते. त्या काळी आमच्याकडचे बहुतेक असेच जात. आधी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग गोदीतून जहाज, जेद्दाहपर्यंत आठवडाभर समुद्र. सोबत तांदूळ, सुका बोंबील, लोणचं, स्टोव्ह आणि कफनाचं कापड. हो, कफन. परत येऊच याची खात्री कोणी धरत नसे. आमच्या गावचे एक आजोबा मदिनेतच गेले, मस्जिदीशेजारी जन्नतुल बकी कब्रस्तानात दफन आहेत. घरच्यांना महिन्यानंतर पत्राने कळलं. आधी रडारड झाली, मग लोक मुबारकबाद द्यायला आले. बकीची माती मिळायला नशीब लागतं म्हणून.

दादा जेद्दाहहून मदिनेला बसने गेले, रात्रभर. शहर जवळ आलं तसं बसमध्ये कोणीतरी दरूद (हुजूरांवरची सलामाची दुआ) सुरू केलं आणि झोपलेले सगळे उठून बसले. हे सांगताना ते दर वेळी थांबायचे. १९९५ ला जहाजं बंद झाली. आता मक्का-जेद्दाह-मदिना हरमैन रेल्वे आहे, ताशी ३०० किलोमीटर. मी त्याच गाडीने गेलो. चहा गार व्हायच्या आत निम्मं वाळवंट मागे पडलं. दादांची ती रात्र मला मिळाली नाही, याची रुखरुख आहे.

खाडीकाठ
@दर्यावर्दी आमच्या नानांचं पण जहाज अकबरच!! कोणत्या साली?

दर्यावर्दी
ऐंशीच्या आसपास. तुमचे?

खाडीकाठ
त्याच्यानंतर थोडं. अम्मीला विचारून सांगते. नानांनी तिथून आणलेला फिरकीचा थर्मास अजून घरी आहे

नाचणी
मी हिंदू आहे, म्हणून विचारते, आम्हाला जाता येतं का? लहानपणी वाड्यातल्या आपा हजहून आल्या की आधी आमच्या आजीकडे यायच्या. छोट्या बाटलीत झमझम आणि खजूर. आजी देवघरात ठेवायची, मग आम्हाला चमच्याने द्यायची. त्या घुमटाचं चित्र आपांच्या भिंतीवर होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे.

रिफायनरी_भाऊ
@नाचणी मक्केत नाहीच. मदिना शहरात आता जाता येतं, पण मस्जिदीच्या हद्दीत नाही. मी सौदीत यानबूला नोकरीला होतो तेव्हा फलक वेगळे होते, आम्हा बिगरमुस्लिमांसाठी शहराबाहेरून वळसा. सोबतचा मालेगावचा दोस्त दर महिन्याला जुम्म्याला मदिनेला जायचा. माझ्या आईचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात न सांगता तिचं नाव घेऊन दुआ करून आला. मला नंतर कळलं. आई आज ८१ वर्षांची आहे, त्याची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवत नाही.

मोगरा
@रिफायनरी_भाऊ आईंना आमचा पण नमस्कार सांगा 🌸

आले परत. रमजानमध्ये गेलेलं कोणी आहे का? असरनंतर अंगणात लांबच लांब दस्तरखान पसरतात आणि मदिनेची पोरं अक्षरशः बाही धरून ओढतात, आमच्याकडे बसा, आमच्याकडे बसा. कोणाकडे बसलो यावरून त्यांच्यात प्रेमाची भांडणं. खजूर, दही, शुरैक नावाचा गोलसर पाव, आणि दह्यावर भुरभुरायचा दुक्का. तो दुक्का मी घरी करायचा प्रयत्न केला, धणे-जिरे-तीळ सगळं घातलं, तशी चव नाही. मगरिबची अजान झाली, रोजा सोडला, आणि पाचेक मिनिटांत सगळं गुंडाळून जमीन चकचकीत, जमात उभी. एवढी माणसं आणि एक कण सांडलेला नाही!

कोयनाकाठी
दुक्क्यात मीठ आणि मिरी विसरलात का? माझी जाऊ मदिनेहून पाकीट आणते. अजवा खजूर काय भाव मिळाली कोणाला? मस्जिदीसमोरच्या हॉटेलांपाशी फार सांगतात, आत खजूर बाजारात जा. आणि मऊ बघून घ्या, सुकलेली गळ्यात घालतात.

फळा_खडू
शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून थोडं लांबवतो. आज हे एवढं वैभव, पण ६२२ मध्ये हिजरतनंतर, म्हणजे हुजूर मक्केहून मदिनेला आल्यावर, ही मस्जिद झाली तेव्हा भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या बुंध्यांचे, छप्पर झावळ्यांचं. जमीन सहल आणि सुहैल या दोन अनाथ भावांची. ते फुकट द्यायला तयार होते, हुजूरांनी किंमत चुकती केल्याशिवाय घेतली नाही. स्वतः विटा वाहिल्या. एका कडेला सुफ्फाचा ओटा, ज्यांना घर नाही ते तिथे राहायचे आणि शिकायचे. हिरवा घुमट तर फार नंतरचा. पहिला घुमट १२७९ चा, आणि हिरवा रंग १८३७ चा, उस्मानी सुलतान दुसरा महमूद याच्या काळातला. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सुफ्फा. तिथे बसून मी माझ्या शाळेतल्या पोरांसाठी दुआ मागितली, त्यांत वसतिगृहातली बरीच आहेत.

वाळूसिमेंट
@फळा_खडू सर, झावळ्यांच्या छपरातून पाऊस गळायचा आणि चिखलात सजदा व्हायचा, ते पण लिहा

भटकी_पावलं
थोडं विषयांतर. मदिनेला नाही, पण जेरुसलेमला अल-अक्साच्या आवारात गेले होते ग्रुपबरोबर. पर्यटकांना मघारिबा दरवाज्यातून ठराविक वेळेतच सोडतात, इमारतींच्या आत नाही. डोक्यावर ओढणी घेतली होती. झाडाखाली एक आज्जी कुराण वाचत होत्या, "हिंद?" विचारलं आणि बाजूला सरकून बसायला जागा दिली.

फळा_खडू
@भटकी_पावलं विषयांतर कसलं! सुरुवातीला नमाज तिकडेच तोंड करून व्हायची. मदिनेत किबलतैन मस्जिद आहे, तिथे किबला मक्केकडे वळल्याचं सांगतात. जियारतच्या (पवित्र ठिकाणांच्या दर्शनाच्या) बसमधून सगळे कुबा मस्जिद आणि किबलतैन करतातच.

कुसुंबी
पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन निघतोय. गुडघे गेलेत. रियाजुल जन्नतचं नुसुक या सौदी सरकारी ॲपवर परमिट काढलंय, पण आत चालणं जमेल का काळजी आहे. एकदा गेलं की वर्षभर परत मिळत नाही म्हणे?

मोगरा
हो, ३६५ दिवसांचा नियम आहे. म्हणून तो दिवस सांभाळा. आदल्या दिवशी कुबा वगैरे फिरवू नका, आराम द्या. अम्मीला अंगणात व्हीलचेअर मिळाली होती. वेळेच्या बरंच आधी जा, रांगेत बसून राहावं लागतं. चपला पिशवीत घालून जवळच ठेवा, ज्या दरवाज्याने शिराल त्यानेच बाहेर पडाल असं नाही.

कुसुंबी
जजाकल्लाह आपा. पिशवी आजच शिवते. आणि कोणाला सलाम पाठवायचा असेल तर नाव लिहा इथे, सासूबाई म्हणतायत वहीत भरपूर जागा आहे.

रिफायनरी_भाऊ
आमच्या आईचं लिहा. आणि त्या मालेगावच्या दोस्ताचं पण, आता त्याचं स्वतःचं जाणं होत नाही.