नेच्याचं पान, पण रोज घालता येईल असं: सल्ला हवाय

रानजाई
मैत्रिणीसाठी पानाफुलांच्या घाटाचं पेंडंट शोधतेय. ती वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे पाच पाकळ्यांचं सरधोपट फूल चालायचं नाही. नेचा म्हणजे नेचाच दिसला पाहिजे! दोन प्रकार सापडले: खऱ्या पानावर धातू चढवलेला आणि चांदीत ओतलेला. रोज घालायला कुठला बरा? खडे नकोत.

धातुवेडा
डोळे मिटून ओतीव घ्या. पहिला प्रकार इलेक्ट्रोफॉर्मिंगचा. पानाला वीजवाहक रंग फासून कॉपर सल्फेटच्या द्रावणात टांगतात, वीज सोडली की त्यावर तांब्याचा थर चढत जातो. वरून सोन्याचा मुलामा. दिसतं झकास, पण थर पातळ असला तर देठाशी मोडतं, जाड केला तर शिरा बुजतात. मुलामा घासला गेला की तांब्यामुळे कातडीवर हिरवट डाग पडतात ते वेगळंच.

ओतीव कामात खरं पान प्लास्टरमध्ये पुरून भट्टीत जाळून टाकतात आणि राहिलेल्या पोकळीत चांदी ओततात. पातळ पानात चांदी टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून आधी मागून मेणाचा हात देतात. आणि इथेच खरी गोम आहे, कारण त्या मेणाखाली मागची बाजू झाकली जाते. नेच्याच्या पानामागे बीजाणूंचे ठिपके असतात ना? ते उतरलेत का, हे आवर्जून विचारा. मागून गुळगुळीत नेचा तुमच्या मैत्रिणीला पहिल्या मिनिटात खटकेल.

सुईदोरा
धातुवेडा, इलेक्ट्रोफॉर्मिंगवर जरा जास्तच राग दिसतोय :) बी, बोंड, फांदी अशा जाडजूड गोष्टींना ते छान जमतं. नेच्याला मात्र नको, हे मान्य.

रानजाई, पानाची टोकं बोटाने चाचपून बघा. टोकेरी राहिली असतील तर केसांत आणि स्वेटरमध्ये अडकणारच. पिवळ्या-पांढऱ्या मिश्रधातूचं काही घेणार असाल तर त्यात निकेल नाही ना, हेही विचारा. बऱ्याच जणांना त्याने खाज सुटते.

पानगळ
कानातल्यांचा विचार केलात का? टायटॅनियमची पानं वजनाला अगदी हलकी असतात. त्यांचा निळा-जांभळा रंग लावलेला नसतो. विजेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर चढवतात, तो जितका जाड तसा रंग बदलतो. सांधा जोडायचा नेहमीचा डाग (सोल्डर) टायटॅनियमला धरत नाही, म्हणून जोड बहुधा रिव्हेटचा. पण खरवडलं तर रंग जातो, एवढं लक्षात ठेवा.

रानजाई
ओतीव चांदीचंच घेते, ९२.५ वालं. शिरांमध्ये काळं केलेलं आवडलंय. ते टिकतं का?

धातुवेडा
खाचांतलं टिकतं, उंचवट्यांवरचं वापरात उजळतं, आणि शिरा आणखी उठून दिसतात. फक्त चांदी उजळायच्या द्रावणात बुडवू नका, सगळा काळेपणा निघून जाईल. मऊ कापडाने वरवर पुसलं तरी पुरे.