लादी पुसली, पण स्वच्छ झाली का? गोव्यातल्या छोट्या घरांसाठी अनुभव धागा

रोज पुसूनही पांढरा मोजा घालून घरभर चाललं की तळवा मळतो, ही तक्रार गोव्यात जवळपास प्रत्येक फ्लॅटमधून ऐकू येते. जूनपासून तांबडी माती, किनाऱ्याजवळ खारं वारं, स्वयंपाकघरात नुस्तं (मासे) आणि खोबरेल, आणि पावसात ८०-९० टक्क्यांच्या घरातली आर्द्रता. घाटावरच्या कोरड्या हवेतले उपाय इथे तसेच्या तसे चालत नाहीत. म्हणून हा धागा. लिहिताना लादी कसली, मळ कसला आणि माप किती, एवढं नक्की सांगा. 'थोडं फिनेल टाकायचं' म्हटलं की वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कुठे चुकतं आणि का, तेही हवं आहे.

पर्वरी, दुसरा मजला, व्हिट्रिफाइड

मूळ पद्धत आधी लिहिते, बाकीचे आपापल्या मळाचं लिहितीलच.

पंखे आधी पुसायचे, मग केर. फुलझाडू जाड केर ओढतो, पण बारीक धूळ उडवतो आणि ती अर्ध्या तासाने परत खाली बसते. म्हणून झाडून झाल्यावर कोरडा चपटा मायक्रोफायबर मॉप एकदा फिरवायचा, पलंगाखाली आणि स्कर्टिंगच्या वरच्या कडेवरूनसुद्धा. ही पायरी गाळली की पुढे आपण धुळीचा चिखल करून तो पसरवतो.

पाण्याला दोन बालद्या. एकीत ५ लिटर पाणी आणि ५ मिलि, म्हणजे एक चहाचा चमचा, भांड्यांचा लिक्विड साबण. दुसरीत नुसतं पाणी. फडकं मळलं की आधी नुसत्या पाण्यात खळबळून घट्ट पिळायचं, मगच साबणाच्या पाण्यात. एकाच बालदीत सगळं केलं तर तिसऱ्या बुडवणीनंतर आपण मळकं पाणीच लादीवर लावत असतो. खळबळायच्या बालदीचा तळ दिसेनासा झाला की पाणी बदला. ४५० चौरस फुटांच्या घरात हे साधारण तीनदा होतं.

फडक्याची दुमड फार महत्त्वाची. चौपदरी घडी घातली की आलटून-पालटून ८ स्वच्छ बाजू मिळतात. दोन बाय दोनच्या ४ लाद्यांना एक बाजू धरली तर ८ बाजूंत ३२ लाद्या, म्हणजे १२८ चौरस फूट. दहा बाय बाराची खोली एका फडक्यात होते. दुसऱ्या खोलीला दुसरं फडकं घ्या.

शेवटी नुसत्या पाण्याचा एक हात आणि लगेच कोरड्या फडक्याचा एक हात. दारापासून लांबच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, मागे मागे सरकत दारापर्यंत.

म्हापसा, तिसरा मजला, सिरॅमिक

वरच्या ताईंनी ५ मिलि लिहिलंय, ते वाचून पुष्कळांना कमी वाटेल. कमी नाही. टोपणभर ओतलेला साबण किंवा क्लीनर वाळून पातळ थर होऊन बसतो, तो चिकट असतो आणि पायाची धूळ पकडून ठेवतो. 'पुसल्यावर लादी जास्तच लवकर मळते' याचं कारण बहुतेक वेळा हेच.

खात्री करून घ्यायची असेल तर एका लादीवर चमचाभर गरम पाणी टाका आणि बोटाने गोल गोल चोळा. फेस आला, की जुना साबण बसलेला आहे. मग साबण पूर्ण बंद करायचा आणि तीन-चार दिवस फक्त गरम पाण्याने पुसायचं, रोज दोन हात. थर हट्टी असेल तर सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइडवर ५ लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर एकदाच, आणि लगेच साध्या पाण्याने पुसून घ्या.

जंतुनाशक क्लीनरमध्ये साबण मिसळू नका. बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलेलं असेल तर साबण त्याचा जोर मारतो. शिवाय जंतुनाशक लादीवर लेबलावर लिहिलेली मिनिटं ओलं राहावं लागतं. लावलं आणि पुसलं, तर फक्त वास उरतो. घरात मांजर असेल तर काळं फिनेल आणूच नका. मांजर पाय चाटतं आणि फिनॉल त्याला विषारी आहे.

मडगाव, जुनी इमारत, मोझेक

व्हिनेगरचं वाचलं म्हणून लगेच लिहितो. मोझेक, संगमरवर, कोटा, शहाबादी, कडाप्पा यांवर व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर काहीही नको. मोझेकमध्ये सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे असतात, बाकीचे सगळे चुनखडीचे दगड. आम्ल त्यांना खातं. जो निस्तेज पांढरा ठिपका पडतो तो डाग नसतो, तिथली झिलई गेलेली असते. कितीही घासलं तरी ती परत येत नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. सोलकढी सांडली तरी हेच होतं, कारण आमसूल आंबट असतं. सांडल्याक्षणी टिपून घ्या, चोळू नका, मग दोनदा साधं पाणी.

लाद्यांमधला सिमेंटचा सांधासुद्धा आम्लाने भुसभुशीत होतो. म्हणून लादी व्हिट्रिफाइड असली तरी आठवड्याला व्हिनेगर नको.

हळदीचा डाग मोझेकवर पडला तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानात मिळतं ते, कापसाच्या बोळ्यावर घेऊन १० मिनिटं ठेवा. तरीही पिवळी छटा राहिली आणि तिथे ऊन येत असेल, तर दोन-तीन दिवस उन्हावर सोडा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

डिचोली, तळमजल्यावरचा वन बीएचके, व्हिट्रिफाइड

तांबड्या मातीचं सांगते. ही चिऱ्याची (जांभ्या दगडाची) माती, लोहाची, पिठासारखी बारीक. ओली असताना पुसायला गेलात तर फडक्याखाली ती दूध पसरावं तशी पसरते, सांध्यात उतरते आणि वाळल्यावर लादीभर गुलाबी ढग दिसतो. म्हणून पावसात चपलेचा चिखल आत आला तर त्याला हातच लावू नका. वर्तमानपत्र पसरा, पंखा लावा, तो कडक वाळू द्या. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खपली उचला, मऊ ब्रशने भुकटी सुपलीत घ्या, आणि उरेल त्यावर ओलं फडकं एकाच दिशेने ओढा. पुढे-मागे घासलं की परत सांध्यात.

सांधा लाल झालाच तर ब्लीचने निघत नाही. तो लोहाचा रंग आहे, ब्लीच त्याला काही करत नाही. धुण्याचा सोडा एक चमचा, अर्धा मग गरम पाणी, जुना टूथब्रश, आणि सुटलेलं लाल पाणी लगेच कापडाने टिपायचं. टिपलं नाही तर ते जिथून निघालं तिथेच परत बसतं.

दाराबाहेर आणि दाराआत अशी दोन पायपुसणी हवीत. बाहेरचं काथ्याचं उत्तम, पण जून ते सप्टेंबर ते वाळत नाही आणि त्याला बुरशी येते. तेवढे महिने जाळीचं रबरी ठेवा, त्यातून माती खाली पडते आणि ते नळाखाली धरून धुता येतं.

तळमजल्याचं आणखी एक. पावसाळ्याच्या तोंडाशी लादी गार असते आणि हवा दमट. मग सकाळी लादीला घाम सुटतो. तो पुसून संपत नाही, खिडक्या उघडल्या तर वाढतो. खिडक्या बंद करून पंखा, एसी असल्यास ड्राय मोडवर, आणि पुसणं दुपारवर ढकलायचं. सांध्यातून किंवा स्कर्टिंगजवळ पांढरी भुकटी येत असेल तर तो लोणा आहे. तो कोरड्या ब्रशने झाडून उचलायचा. पाण्याने पुसला तर क्षार विरघळून आत जातो आणि वाळल्यावर पुन्हा वर येतो. मूळ ओल जमिनीतून किंवा पाइपातून येते, ती बंद झाल्याशिवाय लोणा थांबत नाही.

करंजाळे, समुद्राकडची गॅलरी

संध्याकाळी गॅलरीच्या बाजूची लादी चिकट लागते, ते मीठ असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून पाझरतं. त्यावर साबण वाढवून उपयोग नाही. साधं पाणी, दोन हात, दुसऱ्या हाताला बालदी नवी भरून.

वाळूचं गांभीर्याने घ्या. वाळूतल्या क्वार्ट्झचा कठीणपणा मोहस् मापावर ७, संगमरवराचा ३. किनाऱ्यावरून आलेली वाळू पायाखाली घासली जाऊन चकचकीत लादीवर बारीक ओरखडे पडतात, आणि पुढे मळ त्यांत बसतो. व्हॅक्युम असेल तर फिरता ब्रश बंद ठेवा, नाहीतर तो वाळू सपासप भिंतीकडे फेकतो. सरकत्या दाराच्या ॲल्युमिनियमच्या खाचेतली वाळू आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने काढा. तिथे धुण्याचा सोडा नको, तो ॲल्युमिनियम काळवंडवतो.

वास्को, दुसरा मजला

बंदराकडून येणारी कोळशाची भुकटी साध्या पाण्याला दाद देत नाही. ती पाणी झटकते, थेंबावर तरंगते. पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब पडले की भिजते. इथे झाडू आधी फिरवू नका. जेमतेम ओलसर, साबणाच्या पाण्यातून पिळलेलं मायक्रोफायबर फडकं आधी, आणि तेही खिडकीकडून आत.

फोंडा, स्वयंपाकघर, व्हिट्रिफाइड

नुस्तं साफ केल्यावर लादीवर रक्त, बुळबुळीत स्राव आणि खवले पडतात. त्यावर गरम पाणी ओतणं ही सगळ्यात मोठी चूक, कारण गरम पाण्याने ते शिजून लादीला धरतं. आधी थंड पाणी, कागदाने उचलायचं. मग कोमट साबणाचं पाणी, कारण बांगड्या-तारल्यांचं तेल थंड पाण्याने निघत नाही. वास उरला तर व्हिट्रिफाइडवर पाण्यात थोडं व्हिनेगर. माशाच्या वासाची द्रव्यं अल्कधर्मी असतात, आम्लाने ती मरतात. मोझेकवाल्यांनी व्हिनेगर सोडून साबणाचाच हात दोनदा द्यावा.

शेगडीसमोरचा तेलाचा थर: १ लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, हातमोजे घालून, ५ मिनिटं ओला ठेवून, ब्रश मारून, मग साध्या पाण्याने दोनदा. सोडा राहिला तर वाळल्यावर पांढुरका दिसतो.

सिलिंडरखालचं गंजाचं गोल कडं हा वेगळा मळ आहे. व्हिट्रिफाइड किंवा सिरॅमिकवर ऑक्झॅलिक ॲसिडची पूड, हार्डवेअरच्या दुकानातली, १०० मिलि कोमट पाण्यात एक चहाचा चमचा. बोळा १० मिनिटं डागावर ठेवा, मग भरपूर पाणी. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलं आसपास नकोत. मोझेक-संगमरवरावर नको. सिलिंडर चाकांच्या ट्रॉलीवर चढवला की हा प्रश्न मिटतो.

ताळगाव, नवा फ्लॅट

नव्या घराच्या लादीवर दुधट धुरकटपणा असतो. तो सिमेंट आणि ग्राऊटचा (सांधे भरायच्या मसाल्याचा) थर, रोजच्या पुसण्याने जात नाही. कामगार त्यावर बाटलीतलं साधं ॲसिड ओततात. त्याच्या वाफेने नळ आणि स्टीलच्या जाळ्या महिन्याभरात गंजतात आणि सांधे पोकळ होतात. सल्फॅमिक ॲसिडचं टाइल क्लीनर घ्या. आधी सांधे पाण्याने भिजवा, म्हणजे ते ॲसिड पिणार नाहीत. चार-पाच लाद्यांचाच तुकडा घ्या, लेबलावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, मग दोनदा पाणी. एकदाच करायचं काम आहे.

सांध्यातली काळी बुरशी: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, १० मिनिटं, ब्रश, पाणी. खिडकी उघडी हवी. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एका वेळी, एका जागी, एका बालदीत कधीही नाही. क्लोरीन वायू सुटतो आणि चार बाय सहाच्या न्हाणीत तो जीवावर बेततो.

पणजी, फडक्यांबद्दल

लादीला कुबट वास येत असेल तर आधी फडकं हुंगा. पावसात बालदीच्या काठावर मुटकुळं करून ठेवलेलं फडकं रात्रभरात कुबटतं आणि सकाळी तोच वास घरभर पुसला जातो. वापर झाला की गरम पाणी, साबण, झटकून पंख्याखाली पसरून. सहा फडकी असली की आलटून-पालटून पुरतात. मायक्रोफायबरला कपड्यांचं कंडिशनर लावू नका, धागे पाणी प्यायचे थांबतात. ब्लीचने तेच धागे झिजतात. स्पिन मॉपचं डोकं दोन-तीन महिन्यांनी बदला. बालदीतलं जाळीचं भांडं निघत असेल तर काढून त्याच्या खाली बघा, तिथे केसांचा आणि चिखलाचा गोळा असतो.

म्हापसा, पुन्हा

चवथीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीची, फळं आणि पानं पाच-सहा दिवसांत चीक गाळतात, आणि वाळलेला चीक पाण्याने निघत नाही. खोबरेलाचा थेंब टाकून १० मिनिटं थांबा, चीक सैल होतो, मग साबणाच्या पाण्याने तेल काढा. मोझेकवर तेल नको, ते आत जिरून डाग पडतो. तिथे माटोळीखाली पहिल्याच दिवशी जुनी चादर अंथरा आणि रोज झटका. समईखाली ताट ठेवा. रांगोळी मात्र कोरडीच उचला, आधी कागदाने, मग ब्रशने. ओलं फडकं लावलं की रंग सांध्यात जातो.