अंधारातला मूग उंच वाढला, आता मुलांना काय सांगायचं?

खडूपाटी
माझ्या चौथीच्या मुलांनी दोन करवंट्यांत मूग पेरले. एक खिडकीत ठेवली, दुसरी कपाटात. वाढीसाठी सूर्यप्रकाश लागतो हे सगळ्यांना पाठ, त्यामुळे कपाटातला मूग वाढणार नाही अशी वर्गाची खात्री. सहाव्या दिवशी कपाट उघडलं तर आतली रोपं खिडकीतल्यांपेक्षा उंच! पिवळट, बारीक, पण उंच. एकच गलका झाला. एक मुलगी म्हणाली, "बाई, पुस्तक चुकलं का?" मी उत्तर दिलं नाही. "कशावरून कळेल?" एवढंच विचारलं.

त्याच दिवशी वरिष्ठ भेटीला आले. करवंट्या बघून म्हणाले, "घटक किती झाले?" तेव्हापासून मनात घोळतंय. पुस्तकातल्या 'करून पहा'च्या चौकटी वहीत उतरवून घेण्यापेक्षा खरोखर करू द्यायला नकोत का? परिसर अभ्यासाचा निम्मा वेळ तरी मुलांच्या हातांना मिळावा, असं माझं ठाम मत आहे.

रानवाट
बाई, तळमळ कळते, पण पटत नाही. आमची दोनशिक्षकी शाळा. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, जोडीदार प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग. चौथीतली सहा मुलं अजून जोडाक्षरांना अडतात. त्यांना आधी वाचता येऊ दे. आणि सातव्या दिवशी दिवाळीची सुट्टी लागली असती तर मुलं काय शिकून घरी गेली असती? अंधारात रोप जास्त चांगलं वाढतं! नीट समजावून धडा शिकवला असता तर निदान चुकीचं तरी डोक्यात बसलं नसतं.

आजोळ
पालक म्हणून सांगते, प्राथमिकच्या शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता. विज्ञान नाहीच. मग घरोघरी त्याला कोण विचारतो?

नदीकाठ
साधनं नाहीत म्हणून प्रयोग जमत नाहीत, असं नेहमी ऐकू येतं; ते मला मान्य नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान असंच करून शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सुरुवात केली, १९८२ पासून एकलव्य संस्थेनं पुढे नेलं. मुलं टोळ्या करून प्रयोग करायची, निरीक्षणं लिहायची, परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा होती. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कंपनीतून रजा घेऊन तिथे गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या यांतून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घनाकृती जोडून दाखवल्या. यात महाग काय आहे?

रानवाट
तोच कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारनं बंद केला, हेही लिहा. शिवाय ती मुलं सहावीच्या पुढची, वाचता येणारी. आणि तिथे शिक्षकांचं प्रशिक्षण होतं, मासिक बैठका होत्या, शाळेत किट पोचत होतं. अडलं तर विचारायला माणूस होता. आमच्याकडे परिपत्रक येतं, माणूस येत नाही. एकट्या शिक्षकावर हे टाकू नका.

खडूपाटी
सर, एकट्यावर टाकू नये हे शंभर टक्के मान्य. चुकीच्या निष्कर्षाचं म्हणाल तर तेही खरं, अर्ध्यावर सोडला तर प्रयोग फसवतो. म्हणून आम्ही करवंट्या काढल्या नाहीत. दहाव्या दिवशी कपाटातली रोपं आडवी झाली. मग बोलणं झालं: बियांत साठवलेलं अन्न होतं तोवर रोप उजेड शोधत ताणत गेलं, स्वतःचं अन्न मात्र करू शकलं नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर कुणी कान दिला नसता.

आणि वाचनाचं. माझ्याकडेही अडखळणारा एक मुलगा आहे. धड्यातली ओळ तो वाचत नाही. पण करवंटीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर 'पिवळं पडलं, पाणी घातलं तरी' हे त्यानं स्वतः लिहिलं, 'ळ' तीनदा खोडून. त्याला लिहायला काहीतरी हवं होतं. वाचन आणि मूग यांत आधी-नंतर लावू नका, एवढंच म्हणते.

आपल्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास फक्त फसलेल्या प्रयोगांसाठी मागू या का?

रानवाट
मांडा. मी अनुमोदन देतो. वाचनाचा तास मात्र मी कमी करणार नाही. चिठ्ठ्यांचं करून बघतो, त्या सहा जणांबरोबर.