प्रतिसाद : कपॅसिटरआधी बॅटरीची बॉडी अर्थ तपासावी
गाडीतल्या म्युझिक सिस्टिमच्या बासच्या ठोक्यागणिक हेडलाइट मंदावत असतील तर एक फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून क्षणात परत देणारा भाग) बसवावा, हा या चर्चेत दिला गेलेला सल्ला मला पटत नाही. १००० वॉट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा) क्लास डी, म्हणजे कमी वीज वाया घालवणाऱ्या प्रकारचा, अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजात साधारण ९० अँपिअर ओढतो. आणि एक फॅरडच्या कपॅसिटरचा दाब एक व्होल्टने उतरेपर्यंत त्यातून अवघा एक कूलोम विद्युतभार (एक अँपिअर एक सेकंद वाहील एवढा) मिळतो, म्हणजे एवढ्या प्रवाहाला तो सेकंदाचा जेमतेम नव्वदावा भाग पुरतो. दुकानदाराला मात्र तो विकायला बरा पडतो.

चर्चेत सुटलेला मुद्दा असा, की अ‍ॅम्प्लिफायरसाठी डिकीपर्यंत जाड लाल वायर नेली जाते, परंतु परतीचा बराचसा प्रवाह गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणाऱ्या कंपनीच्या त्याच आखूड काळ्या वायरीतून (हीच बॉडी अर्थ) येतो आणि हेडलाइटची परतीची वाटही बहुधा तीच असते. इंजिन चालू ठेवून, मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे बॉडीच्या रंग खरवडलेल्या पत्र्याला लावावे व बास वाजवावा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर उसळत असेल, तर त्या काळ्या वायरीच्या बोल्टखालचा गंज व रंग घासून तेथे शुद्ध तांब्याची जाड वायर समांतर जोडावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची स्वस्त वायर घेतल्यास त्याच जाडीला रोध सुमारे दीडपट पडतो. आकडा कमी असूनही दिवे मंदावत असतील, तरच अल्टरनेटरची (इंजिनवर चालणाऱ्या वीजजनित्राची) क्षमता व बॅटरीची प्रकृती पाहावी.